फॉरमॅट मारण्यापूर्वी

“संगणकातलं आपल्याला काही कळत नाही बुवा,” हे वाक्य उच्चारताना मराठीच्या प्राध्यापकाच्या चेहऱ्यावर जे समाधान पसरते, ते त्याच्या पीएच.डी.च्या मौखिकीनंतरही पसरले नसेल. एके काळी गणित न येणे हे साहित्यिकाचे भूषण होते. आता त्या जागी संगणक आला आहे. आम्ही दोघेही मराठीचेच एम.ए.; चाळिशी ओलांडलेली; दोन निरनिराळ्या गावांतल्या महाविद्यालयांत मराठीच शिकवतो; आणि आमचे म्हणणे असे, की हे समाधान आपल्या भाषेला फार महाग पडले आहे व पडत आहे.

विषय वरकरणी क्षुल्लक वाटेल. जुन्या बाजारातून वीस वर्षांपूर्वीचा एक लॅपटॉप विकत घ्यावा, तो खोलावा, पुसावा, चालता करावा, एवढाच. हौशी पोरांचा उद्योग. मराठीच्या मास्तरांनी त्यात वेळ का दवडावा, असे आम्हाला आमच्याच स्टाफरूममध्ये विचारले गेले, आणि विचारणाऱ्यांत शहाणीसुरती, पाठचिकित्सेवर पेपर वाचणारी माणसे होती. त्यांना तोंडी उत्तर देऊन झाले आहे. हे लेखी.

मराठी अक्षरजुळणी खिळ्यांकडून संगणकाकडे सरकली ती साधारण १९९० च्या आगेमागे. पुढची वीसेक वर्षे पुस्तके, दिवाळी अंक, प्रबंध, संमेलनांच्या स्मरणिका, विभागांची भित्तिपत्रकेसुद्धा श्री-लिपी, आकृती, आयएसएम, शिवाजी, किरण अशा टंकांत टंकली गेली. युनिकोडची पहिली आवृत्ती १९९१ ची आणि तिच्यात देवनागरी होती. पण विंडोजमध्ये ती खऱ्या अर्थाने वापरण्याजोगी झाली २००० साली, आणि आपल्याकडच्या डीटीपीवाल्यांच्या अंगवळणी पडायला त्यानंतरही बरीच वर्षे गेली. या जुन्या टंकांपैकी बहुतेकांची रीत अशी, की फायलीत मराठी नसतेच. फायलीत असतात रोमन अक्षरे आणि चित्रविचित्र खुणा. टंक त्यांच्यावर देवनागरीचा मुखवटा चढवतो. मुखवटा हरवला की उरते निरर्थक चिन्हांची रांग. प्रत्येक कंपनीचा मुखवटा वेगळा. त्यातून काही महाग प्रणालींना कुलूप असे. संगणकाच्या मागे, प्रिंटरच्या रुंद खोबणीत लावायचा एक ठोकळा, ज्याला डीटीपीवाले ‘लॉक’ म्हणत. लॉक नसेल तर प्रणाली सुरूच होत नसे, किंवा झाली तरी कामाची नसे.

म्हणजे १९९० ते २०१० या काळातल्या मराठी मजकुराचे मूळ हस्तलिखित वाचायचे, तर फाइल, टंक, प्रणाली, लॉक आणि ते लॉक ज्यात बसेल असे यंत्र, एवढी सगळी मंडळी एका वेळी हजर हवीत. एक जरी गैरहजर असेल तरी पोथी मुकी. पुण्याच्या पुराभिलेखागारात पेशवे दफ्तराचे कोट्यवधी मोडी कागद आहेत आणि ते वाचणारे फार थोडे, म्हणून आपण हळहळतो, चर्चासत्रे घेतो. मोडी मुख्य व्यवहारातून जाऊन तीन पिढ्या झाल्या. इथे आपल्याच विद्यार्थिदशेतला मजकूर आपल्याच डोळ्यांदेखत मोडी होऊन बसला आहे, आणि हळहळण्याचे सोडाच, तो भंगारात घालण्यासाठी आपण स्वतः सह्या करतो.

सह्या कशा होतात ते सांगितले पाहिजे. महाविद्यालयात मूल्यांकन समिती येणार असली की अचानक स्वच्छतेची लाट येते. डेड स्टॉक रजिस्टर काढले जाते, नादुरुस्त वस्तूंची यादी होते, निर्लेखनाचा ठराव होतो आणि एका दुपारी टेम्पो येतो. आमच्यापैकी एकाच्या महाविद्यालयात अशाच एका दुपारी मराठी विभागाचा संगणक गेला. तो बंद पडून सहा-सात वर्षे झाली होती हे खरे. पण त्यावर आमच्या एका निवृत्त ज्येष्ठ सहकाऱ्यांनी विद्यार्थ्यांकरवी गोळा केलेल्या जात्यावरच्या साडेअकराशे ओव्या होत्या, गावासह, गाणारीच्या नावासह. पुस्तक झाले नाही. प्रकाशक मिळाला नाही. छापील प्रत एकच होती आणि ती कोणीतरी वाचायला नेली. मागे राहिल्या सात सीडी, कपाटाच्या तळाशी. आणि शिपायाच्या दूरदृष्टीमुळे एका खडूच्या डब्यात ते लॉक. “काहीतरी महागाचं दिसलं म्हणून ठेवलं सर,” असे ते म्हणाले. विभागातल्या पाच पीएच.डी.धारकांपेक्षा त्यांना संग्रहविद्या अधिक कळत होती.

त्या सीडींसाठी आम्हाला यंत्र हवे होते, आणि जुना लॅपटॉप घेण्याची गरज निर्माण झाली ती इथे. आम्ही थिंकपॅडचे टी-४२ हे मॉडेल निवडले. २००४ चे, तेव्हा हा व्यवसाय आयबीएमकडे होता, मे २००५ मध्ये तो लेनोव्होकडे गेला. या वर्गात १९९२ पासून चालत आलेली काळी चौकोनी पेटी, मधोमध लाल ठिपका, झाकणाच्या वरच्या कडेला कळफलकावर उजेड पाडणारा इवलासा दिवा, हे सगळे मोहक आहेच (रिचर्ड सॅपर या जर्मन रचनाकाराला ही पेटी जपानी जेवणाच्या डब्यावरून सुचली म्हणतात, आणि ती उघडताना डबा उघडल्यासारखे वाटतेही); पण आमचे कारण रुक्ष होते. टी-४२ ला ती प्रिंटरची रुंद खोबण आहे. त्यानंतरच्या टी-६० ला नाही. लॉक बसणार ते इथेच.

पुण्याच्या जुन्या बाजारात बुधवारी-रविवारी, मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या गल्ल्यांत, किंवा आपल्या तालुक्याच्या भंगारवाल्याकडे अशी यंत्रे अजून अधूनमधून येतात. घेताना काय पाहावे हे हौशी मंडळींना तोंडपाठ असते. आपल्या लोकांसाठी थोडक्यात सांगतो. चार्जर १६ व्होल्टचा लागतो. पुढच्या पिढीचा २० व्होल्टचा, त्याची पिन या यंत्रात जातही नाही, तेव्हा विक्रेता ‘कुठलाही चालतो’ म्हणाला तर हसून सोडून द्यावे. सुरू होताना १६१ किंवा १६३ असा आकडा दिसला तर घाबरू नये: आतली घड्याळाची बटन-बॅटरी संपली आहे, ती किरकोळ पैशांत मिळते. उलट, आधीच पासवर्ड मागत असेल तर मात्र यंत्र खाली ठेवावे. या वर्गात वरिष्ठ पासवर्ड एका स्वतंत्र चिपेत राहतो, बॅटरी काढून तो पुसला जात नाही. पडदा लालसर, मंद दिसत असेल तर मागची दिव्याची नळी म्हातारी झाली आहे; वाचण्यापुरते चालते. आणि सुरू असताना एका कोपऱ्याला धरून किंचित उचलून पाहावे. चित्र गोठले तर चित्र-चिपेचे टाके सुटले आहेत. वर्षानुवर्षे असेच एका हाताने उचलल्याचे ते फळ. मुख्य बॅटरी फुगलेली असेल तर ती तिथेच काढून विक्रेत्याकडेच ठेवायला सांगावी, पिशवीत घालून एसटीत बसू नये.

आम्हाला अडीच हजारांत मिळाला. घासाघीस केली असती तर दोन हजारांत मिळाला असता, असे भंगारवाल्यानेच नंतर सांगितले.

साफसफाईबद्दल थोडे अधिक, कारण त्यातच आमच्या भांडणाचे मूळ आहे. आयबीएम या यंत्रांची दुरुस्ती-पुस्तिका सर्वांसाठी खुली ठेवत असे: कोणता स्क्रू आधी, कोणता नंतर, प्रत्येक सुट्या भागाचा क्रमांक काय, सगळे चित्रांसह. तळाशी ज्या स्क्रूंजवळ कळफलकाची खूण आहे ते काढले की कळफलक वर येतो. त्याच्याखाली जे सापडते त्याला आम्ही ‘अंतर्गत पुरावा’ म्हणू. चहाचे डाग, तांदळाचा दाणा, उदबत्तीची राख, एक टाचणी. कळांच्या खालचा मळ मऊ ब्रशाने आणि औषधदुकानात किंवा इलेक्ट्रॉनिक्सवाल्याकडे मिळणाऱ्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने काढावा. झाकणाच्या रबरी लेपाला मात्र ते लावू नये, लेप उठतो. तिथे साबणाच्या पाण्यात बुडवून घट्ट पिळलेले फडके पुरे. पंख्यात धुळीची गादी बसलेली असते, ती चिमट्याने काढावी. प्रोसेसरवरची उष्णतावाहक पेस्ट वाळून खडू झालेली असते, ती पुसून नवी लावावी. हे सगळे एका रविवारी दुपारी होते. कुठल्याही ग्रंथालयात जुन्या पोथीवरची कसर झटकायला एवढीच काळजी घेतात, आणि त्यासाठी कुणी ‘मला कसरीतलं काही कळत नाही’ असे अभिमानाने सांगत नाही.

आता भांडण. अशा यंत्रांवर जीव लावणारी हौशी मंडळी आहेत, त्यांच्या हाताच्या कौशल्याबद्दल आम्हाला आदर आहे आणि वरचे बरेचसे आम्ही त्यांच्याचकडून शिकलो. पण त्यांची साफसफाई बाहेरून सुरू होते आणि आत पोचली की तिचा पहिला मंत्र असतो: “आधी फॉरमॅट मारा.” दुकानदार तेच म्हणतो, महाविद्यालयाचा तंत्रसहायक तेच म्हणतो. डिस्क कोरी करायची, तिच्यावर कंपनीने दिली होती तशी ताजी विंडोज टाकायची, म्हणजे यंत्र ‘स्वच्छ’ झाले. हाताळलेली पोथी घ्यावी, तिची पाने धुऊन काढावीत आणि कोऱ्या, सुबक, मूळच्या कागदाचे कौतुक करावे, तसा हा प्रकार. नाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरी शुद्ध केली ती अनेक प्रती ताडून. आणि पुढच्यांनी पाठात आपले घालू नये म्हणून बजावूनही ठेवले. शुद्ध करणे या क्रियापदाला आपल्या परंपरेत हा अर्थ आहे. फॉरमॅट मारण्याला तो शब्द देऊ नये.

आमची रीत साधी आहे. यंत्र सुरू करण्याआधी डिस्क काढायची. टी-४२ मध्ये एक स्क्रू काढला की ती बाजूने सरकून बाहेर येते. ती एका अडॅप्टरने दुसऱ्या संगणकाला जोडायची आणि तिच्यावर काहीही न लिहिता तिची बिटागणिक नक्कल करून घ्यायची. लिनक्सवर त्यासाठी डीडी-रेस्क्यू नावाची फुकट प्रणाली आहे. डिस्क खरडत असली तरी ती चिकाटीने वाचत राहते. चाळीस जीबीची ती आख्खी डिस्क आज बोटाएवढ्या पेनड्राइव्हमध्ये मावते. त्यानंतर काय पुसायचे ते पुसा.

इथे एक आक्षेप न्याय्य आहे. दुसऱ्याची डिस्क, दुसऱ्याचा खासगी मजकूर. तो वाचणे म्हणजे परक्याची पत्रे फोडणे. मान्य. बाजारात घेतलेल्या यंत्राच्या बाबतीत आम्ही टंकांचा फोल्डर आणि टंकलेखनाची प्रणाली तेवढी शोधतो, वैयक्तिक कागदपत्रे, छायाचित्रे न उघडता पुसून टाकतो. (टंक प्रताधिकारित असतात, हेही आम्हाला माहीत आहे, म्हणून ज्या संस्थेने परवाना विकत घेतला तिच्याच फायलींसाठी तिचेच लॉक वापरतो, वाटत फिरत नाही.) पण महाविद्यालयाच्या विभागाचा संगणक हा परका नव्हे. त्यातला मजकूर ही संस्थेची मालमत्ता आणि पुष्कळदा अभ्यासकांची वर्षानुवर्षांची मेहनत. तिथे खासगीपणाची सबब सांगून आळस झाकता येत नाही.

“पण कन्व्हर्टर आहेत की!” हा दुसरा आक्षेप, आणि तो आम्हाला नेहमी युनिकोडच्या उत्साही प्रचारकांकडून ऐकायला मिळतो. आहेत, आम्हीही वापरतो, बातम्या आणि कार्यालयीन पत्रे त्यांनी उत्तम बदलतात. पण जुन्या टंकांत अक्षरे उच्चाराच्या क्रमाने साठवलेली नसतात, दिसण्याच्या क्रमाने असतात. पहिली वेलांटी व्यंजनाच्या आधी येते, रफार अक्षराच्या नंतर येतो. कन्व्हर्टरला प्रत्येक ठिकाणी तर्काने जागा बदलावी लागते. जोडाक्षर आले की तर्क चुकतो. आणि मराठीचा खास अडथळा म्हणजे आपला अर्धा र. ‘दऱ्या’ आणि ‘दर्या’ हे दोन शब्द आहेत. ‘आचाऱ्यांना’ आणि ‘आचार्यांना’ एकाच पंगतीत बसवले तर दोघेही रागावतील. आम्ही त्या ओव्यांची एक फाइल अशा एका कन्व्हर्टरमधून काढून पाहिली. कऱ्हेचे ‘कर्हे’ झाले, डोंगराच्या दऱ्यांत समुद्र शिरला. छापील वृत्तपत्र असते तर वाचक सावरून घेतो. ओवीत बोलीतला शब्द मुळातच अनोळखी असतो. तो चुकीचा उतरला आहे की गाणारी तसाच म्हणत होती, हे कशावरून ठरवणार? ताडून पाहायला मूळ पडदा लागतो, ज्या टंकात टंकले त्याच टंकात दिसणारा. शुद्धलेखन तपासणाऱ्या प्रणाली तर याहून घातक. त्या बोली ‘सुधारतात’. आणि हल्ली ज्या यंत्रबुद्धीचा बोलबाला आहे, ती अडलेल्या जागी इतका गोड आणि सुसंगत शब्द घालून देते की शंकाही येऊ नये. खोट्या ओव्यांची मराठीला वाण कधीच नव्हती. त्यांत यंत्राची भर कशाला?

तिसरा आक्षेप जाणकारांचा: जुने यंत्र कशाला, नव्या संगणकाच्या आतच जुन्या विंडोजचे आभासी यंत्र उभे करता येते. येते, आणि लॉक नसलेल्या प्रणालींसाठी आम्हीही तोच मार्ग सुचवू. पण त्या आभासी यंत्रात टाकायचा टंक कुठून आणणार? तो त्याच जुन्या डिस्कवर असतो, जी टेम्पोत गेली. आणि प्रिंटरच्या खोबणीतले कुलूप आभासी यंत्राला समजावणे हा स्वतंत्र छळ आहे. अडीच हजारांचा लॅपटॉप त्यापेक्षा स्वस्त पडतो.

याउलट काय होऊ शकते, याचे उदाहरणही आपल्याकडेच आहे. गी प्वातव्हाँ आणि हेमा राईरकर यांनी सहकाऱ्यांसह महाराष्ट्रातल्या गावोगावच्या बायकांकडून एक लाखाहून अधिक जात्यावरच्या ओव्या जमवल्या. त्या कामात बर्नार्ड बेल यांच्यासारखा संगणकाची जाण असलेला संगीत-अभ्यासक होता, आणि तो ठेवा २०१७ पासून ‘परी’ या संस्थेच्या पानांवर सर्वांना वाचता-ऐकता येतो. त्या संचात ‘आपल्याला काही कळत नाही’ म्हणणारा एक जरी माणूस मोक्याच्या जागी असता, तर आज आपण त्या ओव्यांबद्दल केवळ आठवणी लिहीत असतो.

वि. का. राजवाडे वाण्यांच्या दुकानांतून, वाड्यांच्या माळ्यांवरून दप्तरे गोळा करत हिंडले म्हणून आपण त्यांना इतिहासाचार्य म्हणतो. ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड १८९८ चा. कागद पुड्या बांधायला जात होते, त्यांनी ते पुड्यांतून सोडवले. वाण्याला दोष देणे सोपे होते. त्यांनी पायपीट केली. आज त्यांची जयंती साजरी करणाऱ्या विभागांतून संगणक रद्दीच्या भावाने जातात आणि विभागप्रमुख हार घालायला वेळेवर हजर असतात.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. पेढे आम्हीही खाल्ले. दोन हजार वर्षांपूर्वीच्या शिलालेखांचे पुरावे देऊन आपण हा दर्जा मिळवला, आणि वीस वर्षांपूर्वीची सीडी आपल्याला वाचता येत नाही! पुढे कोणी या काळाचा इतिहास लिहायला बसला, तर त्याला नाणेघाटातला लेख वाचता येईल आणि २००३ चे वार्षिक वाचता येणार नाही, अशी तजवीज आपण करून ठेवली आहे.

प्रश्न तातडीचा आहे, कारण विंडोज-१० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज-११ जुन्या प्रोसेसरांवर अधिकृतपणे चालत नाही, म्हणून कार्यालयांतून, महाविद्यालयांतून धडधाकट यंत्रेसुद्धा आता गठ्ठ्याने बाहेर पडत आहेत, आणि त्यांच्याबरोबर कोपऱ्यात राहिलेली ती जुनीही. ई-कचऱ्याचे नियम, १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेले, यंत्राची विल्हेवाट नोंदणीकृत माणसाकडेच लावा असे सांगतात. ते योग्यच आहे. आतल्या मजकुराचे काय, हे विचारणे पर्यावरण खात्याचे काम नव्हे. ते ज्याच्या नावावर रजिस्टरमध्ये नोंद आहे त्या विभागाचे आहे.

सातपैकी पाच सीडी आमच्या टी-४२ वर उघडल्या. लॉक बसले, श्री-लिपी सुरू झाली, आठशे नव्वद ओव्या पडद्यावर आल्या, गावाच्या नावांसह. त्या आम्ही दोघे आळीपाळीने वाचून युनिकोडमध्ये हाताने उतरवत आहोत. उरलेल्या दोन सीडींचा थर उडाला आहे. त्यांवरचा भाग विभागाच्या संगणकावर होता. आमच्यापैकी दुसऱ्याच्या महाविद्यालयात येत्या सत्रात निर्लेखन आहे. यादीत चार संगणक आणि दोन लॅपटॉप आहेत, त्यांतला एक मराठी विभागाचा. डिस्क काढून नक्कल करून घेण्याची परवानगी मागणारा अर्ज आम्ही दिला आहे. कार्यालयाने त्यावर विचारणा केली आहे, की हे काम कोणत्या शीर्षाखाली दाखवायचे.